डाय कडेनं कापते, मधे अडते: पावसाळ्यात दरवर्षी येणाऱ्या दुखण्याचा उलगडा

आषाढ लागला की हे हमखास होतं. जाळीच्या चौकटीची डाय, म्हणजे कागद ठरावीक आकारात कापणारा पात्यांचा साचा, दोन कटिंग प्लेटांमधे कागदाबरोबर ठेवून हाताच्या मशीनमधून फिरवली, ती चळत बाहेर काढली, कागद उचलला, तर चारी कडा स्वच्छ सुटलेल्या आणि मधल्या नक्षीवर नुसता वळ उठलेला. पुन्हा फिरवलं तर थोडं अजून सुटतं, पण तोवर कागद सरकून कडेला दुहेरी रेघ पडते. हिवाळ्यात हीच डाय, हेच मशीन, याच गठ्ठ्यातला कागद एका फेरीत काम देत होता. मग सल्ले सुरू होतात. "डाय बोथट झालीय बघ, दुसरी घे की." नाहीतर, "अजून एक पुठ्ठा घाल आणि जोर लाव." पहिल्या सल्ल्यानं पैसे जातात, दुसऱ्यानं प्लेटा.

बहुतेक वेळा एकूण दाब पुरेसा असतो. तो हव्या त्या ठिकाणी पोचत नाही, आणि ओला कागद त्या कमतरतेला माफ करत नाही. म्हणून आधी कागद सुकवायचा, मग दाब नेमका कुठे कमी पडतो ते शोधायचं, आणि तेवढ्याच जागी कागदाची एखादी चकती भरायची. डाय बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर बहुतेक वेळा शेवटच्या पायरीपर्यंत जावंच लागत नाही.

हे सगळं हाताच्या रोलर मशीनबद्दल आहे. बिग शॉट किंवा त्याच्या धर्तीवरची कुठलीही मशीनं, आणि त्यात चालणाऱ्या पातळ पत्र्याच्या डाय. या डाय आम्लानं कोरून बनवलेल्या असतात, पात्याची उंची अगदी थोडी. प्रेसमधली जाड पट्टीची डाय वेगळी, पण तिच्याकडून एक युक्ती उसनी घेणार आहोत.

आधी कागद

आपल्याकडे अडचण अशी की कार्डांचा हंगाम आणि ओलीचा हंगाम एकच. राखीची कार्डं, गणपतीची आमंत्रणं, श्रावणातल्या मंगळागौरीची बोलावणी, सगळं श्रावण-भाद्रपदात येतं. त्यात आपला बेळगाव जिल्हा सगळीकडे सारखा भिजत नाही. कणकुंबी-जांबोटीकडे सह्याद्रीचा पाऊस कोसळतो, खानापुरात भिंतींना पाझर फुटतो, बेळगावात दिवसच्या दिवस झड लागते, आणि अथणीकडे त्याच आठवड्यात लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. त्यामुळे अथणीची मैत्रीण "माझ्याकडे तर छान कापतं" म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिचा कागद कोरडा असतो, एवढंच.

कागद हवेतली ओल ओढून घेतो. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असताना साध्या कागदात वजनाच्या ६ ते ८ टक्के पाणी असतं. झडीच्या दिवसांत आर्द्रता ९० च्या घरात गेली की ते प्रमाण दीडपट-दुपटीवर जातं. हाताला फरक फारसा कळत नाही, पात्याला कळतो. पातळ डायचं पातं सुरीसारखं सरकत कापत नाही, ते वरून चेपून कापतं. कोरडा तंतू चेपल्यावर तुटतो. ओला तंतू वाकतो, ताणतो, पात्याच्या टोकाखाली प्लेटवर दबून बसतो. नक्षी जितकी दाट, तितके असे न तुटलेले तंतू जास्त, आणि तेच मध्यभागी कागद धरून ठेवतात.

खात्री करायला सोपा प्रयोग आहे. त्याच कागदाची एक पट्टी कापा, वर-खाली साधा कोरा कागद ठेवून वाफ बंद केलेल्या मध्यम गरम इस्त्रीनं दोन्ही बाजूंनी दाबा, आणि जड पुस्तकाखाली थंड होऊ द्या. मग सुकवलेली पट्टी आणि न सुकवलेली पट्टी एकाच डायखाली, एकाच जागी, एकामागून एक कापा. सुकवलेली सुटली आणि दुसरी अडली, तर पुढचं वाचायची आज तरी गरज नाही. कागद सुकवून काम उरका.

इस्त्री करताना दोन गोष्टी. ग्लिटर शीट आणि चंदेरी-सोनेरी फॉइलच्या कागदावर इस्त्री फिरवू नका. वरचा थर प्लास्टिकचा असतो, तो सुरकुततो किंवा इस्त्रीला चिकटतो. आणि कागद अति सुकवला तर घडी घालताना रेषेवर तडा जातो, खासकरून गडद रंगाच्या, आतून पांढऱ्या असलेल्या कागदावर. त्यामुळे सुकवून कापायचं, घडी मात्र जरा वेळानं, कागद पुन्हा किंचित नरम झाल्यावर घालायची. पावसाळी हवेत त्यासाठी फार थांबावं लागत नाही! लागेल तेवढाच कागद सुकवा, बाकीचा उघड्यावर राहिला तर केलेलं काम वाया.

साठवणीचं म्हणाल तर झिपची मोठी पिशवी किंवा घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल. केशरी दाण्यांचं घ्या. ते ओल धरल्यावर हिरवं होतं, आणि ओव्हनमधे १२० अंशांच्या आसपास तापवलं की पुन्हा केशरी होऊन कामाला लागतं. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, पोराबाळांच्या घरात तो नको. दाणे सुटे करून ताटलीत तापवायचे, पुडीसकट नव्हे. पूर्वी कपाटात छोटा पिवळा बल्ब लावून ठेवायचे, त्याच्या उबेनं कपाट कोरडं राहायचं. आता घरोघरी एलईडी, त्यांना तेवढी ऊबच नाही. कागदाचा गठ्ठा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, आणि खडेबाजारातून पावसात आणताना दुकानदाराकडून प्लास्टिकमधे बांधून घ्या. दुकानातल्या उघड्या रॅकवरचा वरचा ताव आणि गठ्ठ्याच्या मधला ताव यांत फरक असतो. मधला मागा, देतात.

हँडमेड पेपरचं दुखणं वेगळं आहे. त्यात सुती चिंध्यांचा लगदा असतो, तंतू लांब आणि चिवट, जाडी जागोजाग वेगळी. कोरडा असला तरी बारीक जाळी त्यात नीट उतरत नाही, कडेला लव राहते. त्याला साधा गोल, पान, कोयरी, मोठी अक्षरं एवढंच द्या. जाळीकामासाठी २०० ते २५० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम) गुळगुळीत कार्ड कागद. ३०० च्या वर बारीक नक्षी मागणं म्हणजे मशीनशी वैर.

मग दोष कोणाचा, ते शोधा

कागद सुकवूनही मधला भाग अडत असेल तर तीन संशयित उरतात: डाय, प्लेटा आणि रोलर. तिघांना वेगळं करायला काही विकत घ्यावं लागत नाही, मार्करचा एक ठिपका पुरतो.

दोन्ही कटिंग प्लेटांच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका द्या. एक कागद कापा आणि उजेडासमोर धरा. जिथून उजेडाची रेघ आरपार येते तिथं कापलंय, जिथं नुसता धूसर वळ दिसतो तिथं अडलंय. अडलेल्या भागाभोवती पेन्सिलनं गोल करा.

आता प्लेटा तशाच ठेवून फक्त डाय उलट दिशेनं फिरवा, म्हणजे वरचं टोक खाली. पुन्हा कापा. इथं बऱ्याच जणी फसतात: डाय मधोमध ठेवली असेल आणि डाग, म्हणजे अडलेली जागा, तीही मधोमध असेल, तर ती फिरवून काहीच कळणार नाही, डाग दोन्ही वेळा मधेच दिसेल. त्यामुळे डाय चार बोटं बाजूला सरकवून हा प्रयोग करा.

डाग डायबरोबर फिरला, तर कारण डायमधे आहे. पण लगेच "बोथट" म्हणू नका. जाळीच्या दाट भागात एका चौरस इंचात पात्याची लांबी कितीतरी जास्त असते, तेवढाच दाब तेवढ्या जास्त पात्यावर वाटला जातो आणि प्रत्येक पात्याच्या वाट्याला कमी येतो. म्हणजे नवी कोरी डायसुद्धा त्याच जागी अडेल. इलाज खाली मेकरेडीत, म्हणजे तेवढ्याच जागी कागद भरण्याच्या प्रेसवाल्यांच्या युक्तीत आहे.

डाग डायबरोबर न फिरता मशीनच्या त्याच जागी राहिला, तर आता डाय न हलवता प्लेटा फिरवा, ठिपका उजव्या खालच्या कोपऱ्यात येईल असं. डाग प्लेटेबरोबर गेला तर प्लेट दोषी. तसाच राहिला तर रोलर.

रोलरबद्दल फार घाबरायचं कारण नाही. दोन्ही टोकांना आधार असलेली कुठलीही दांडी मधे किंचित लवते, हे मशीन बिघडल्याचं लक्षण नाही. त्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही फुकटचे. एक, डाय रोलरच्या मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवा. दोन, चौकट किंवा सरळ कडांची डाय तिरकी ठेवा. सरळ कड रोलरला समांतर आत गेली तर पूर्ण लांबीचं पातं एकाच क्षणी कापायला मागतं, दांडा अडतो आणि आपण जोर लावतो. पंधरा-वीस अंश तिरकी ठेवली की तीच कड टोकापासून हळूहळू कापत जाते. पत्रिकांच्या आयताकृती चौकटींना हा एकच बदल पुष्कळ वेळा पुरतो. डाय चिकटपट्टीनं कागदाला धरून ठेवा, म्हणजे मागे-पुढे दोन फेऱ्या मारल्या तरी दुहेरी रेघ येणार नाही. साधी पारदर्शक टेप कागदाची साल काढते. मास्किंग टेप घ्या आणि तीही आधी कपड्यावर एकदा चिकटवून तिचा जोर कमी करा.

फिरवताना प्लेटांचा कडकड आवाज येतो, तो येऊ दे. पण दांडा दोन हातांनीही फिरेना, तर थांबून उलटा फिरवा. चळत जास्त जाड झाली आहे.

प्लेटा

प्लेटा तीन तऱ्हांनी बिघडतात. त्या वाकतात, त्यांत खाचा पडतात, आणि त्या तुटतात. वाकलेली ओळखायची तर काचेच्या टेबलावर ठेवून मधल्या भागाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. सहज गेली तर वाक आहे. पाती नेहमी एकाच बाजूला रुतली की प्लेट कमानीसारखी होते. दर फेरीला प्लेट पालथी करत गेलं की वाक परतत राहतो. हे काम सवयीचं आहे, अवघड नाही.

खाचांचं नुकसान कमी दिसतं पण जास्त होतं. रोज एकच चौकट एकाच जागी कापली तर प्लेटवर तिचा खोल ठसा उमटतो. दुसऱ्या डायचं पातं त्या खाचेवर आलं की खाली टेकण नसते, कागद खाचेत दबतो आणि तेवढाच अडतो. म्हणून रोजची राकट कामं एका जोडीवर आणि जाळीकाम दुसऱ्या, राखून ठेवलेल्या जोडीवर. डायची जागाही बदलत राहा.

नव्या प्लेटा बाहेरून मागवायला नको वाटत असेल, तर नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडून शीट कापून घेता येते. मात्र ॲक्रिलिक नको, पॉलिकार्बोनेट मागा. ॲक्रिलिक ठिसूळ, पात्याच्या दाबाखाली कडेपासून तडकतं आणि तुकडा उडतो. पॉलिकार्बोनेट दबतं, पण फुटत नाही. आणि जाडी दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. ३ मिलिमीटर म्हणून मिळणारी शीट मोजली तर कमी-जास्त भरते, आणि आपल्या कामात ०.१ मिलिमीटरनंही फरक पडतो. बेळगावात जाडी मोजायचा व्हर्नियर शोधायला लांब जावं लागत नाही. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, काम करणारं कुणी ना कुणी प्रत्येक गल्लीत असतं. जुनी, मूळची प्लेट कोपऱ्यात, जिथं खाचा नाहीत तिथं मोजा आणि नवी त्या मापाशी जुळवा.

प्रेसवाल्यांची मेकरेडी

ट्रेडलवर, म्हणजे छापखान्यातल्या जुन्या धर्तीच्या प्रेसवर, पत्रिका किंवा मिठाईचे खोके पंच करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न रोज असतो. त्यांच्या डायमधे स्टीलची पट्टी उभी बसवलेली असते, उंची २३.८ मिलिमीटर, आणि पूर्ण डायभर ती उंची केसभरही कमी-जास्त न होणं अशक्य. ते काय करतात? एक प्रूफ काढतात, कुठे कापलं नाही ते बघतात, आणि कागद जिथं टेकतो त्या पाठीमागच्या बाजूला तेवढ्याच जागी पातळ कागदाची पट्टी चिकटवतात. मग दुसरं प्रूफ. मशीनचा एकंदर दाब वाढवणं ते टाळतात, कारण मग जी जागा आधीच बरोबर कापत होती ती जास्त कापायला लागते आणि पट्टीची धार मरते. हीच मेकरेडी. घरच्या मशीनला ती जशीच्या तशी लागू पडते.

झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. पेन्सिलनं गोल केलेलं ते प्रूफ घ्या. गोलाएवढा झेरॉक्सचा तुकडा घ्या, पण कात्रीनं न कापता हातानं फाडा. कापलेल्या कडेची पायरी तयार होते आणि कधी कधी तिचा वळ कार्डावर उमटतो. फाडलेली कड विरत जाते. हा तुकडा एका कोऱ्या तावावर, अडलेल्या भागाच्या बरोबर जागी, गोंदाच्या एका ठिपक्यानं चिकटवा. हा ताव खालच्या कटिंग प्लेटेच्या खाली ठेवा आणि कापून बघा. अजून अडतंय? मग पहिल्याहून लहान असा दुसरा तुकडा त्याच्यावर. दोनाच्या वर तुकडे लागायला लागले तर गडबड दुसरीकडे आहे, मागे जाऊन प्लेट तपासा.

तुकडा प्लेटेच्या खाली ठेवला की प्लेट दाब थोडा पसरवून देते, त्यामुळे असर सौम्य येतो. तो थेट डायच्या पाठीला लागून ठेवला की असर टोकदार. आधी सौम्य करून बघावं. पूर्ण ताव भरून जाडी वाढवणं, म्हणजे "अजून एक पुठ्ठा घाल" हा सल्ला, हे प्रेसवाल्यांनी सोडून दिलेलं काम आहे. त्यानं मधली जागा कापली जातेही, पण कडेची पाती प्लेटमधे दुप्पट रुततात आणि दोन महिन्यांत प्लेटांची जोडी संपते.

तयार झालेला ताव फेकू नका. त्यावर डायची बाहेरची रेघ पेन्सिलनं आखा, वरची बाजू कुठली ते लिहा, आणि डायबरोबर एकाच पाकिटात ठेवा. पुढच्या श्रावणात पाच मिनिटांत काम सुरू होतं.

देवनागरी आणि कन्नड अक्षरांची तऱ्हा

शब्दांच्या डायमधे अडचण वेगळ्या जागी येते. देवनागरीत शिरोरेखेमुळे पूर्ण शब्द एका तुकड्यात सुटतो, ही मोठी सोय. पण 'शुभेच्छा'मधला च्छ म्हणजे बारीक वळणांची गर्दी, तिथं कागद पात्यांत अडकून बसतो. 'आनंद'मधला अनुस्वार तर सुटा पडतो आणि झाडूबरोबर कचऱ्यात जातो. कन्नड अक्षरं सुटी-सुटीच असतात, आणि इकडच्या बऱ्याच पत्रिकांना दोन्ही भाषा लागतात. दोन्हींसाठी उपाय एकच: कापण्याआधी कागदाच्या मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी गोंदशीट लावून घ्या, तिचा मागचा कागद न काढता कापा, आणि सगळे तुकडे कापलेल्या चौकटीतच राहू देऊन वरून हलक्या टेपनं एकदम उचला. अनुस्वार जागेवर राहतो. गोंदशीटनं जाडी वाढते हे लक्षात ठेवून कागद जरा पातळ घ्या, आणि काम झाल्यावर पात्यांना लागलेला गोंद स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. तो सुकला तर पुढच्या कागदाचे तंतू धरून ठेवतो, आणि आपण पुन्हा डायला बोथट म्हणू लागतो.

अक्षर खिडकीसारखं कोरायचं असेल, म्हणजे कार्डाला भोक आणि भोकातून मागचा रंग, तर व, ब, भ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तो आधीच उचलून ठेवा आणि मागचा कागद लावल्यावर जागेवर चिकटवा.

कागद पात्यांत अडकत असेल तर डाय आणि कार्ड कागद यांच्या मधे मेणचट बटर पेपरचा तुकडा घाला. बेकरीवाले वापरतात तो, ट्रेसिंगचा नव्हे. अडकलेले तुकडे डायच्या पाठीच्या भोकांतून टाचणीनं ढकला, पात्याच्या बाजूनं टोकरू नका.

गंज

झडीच्या महिन्यात डाय पाकिटात ओल्या कागदाबरोबर राहिली तर पात्यावर तांबूस ठिपके येतात. काम झाल्यावर कोरड्या कापडानं पुसा. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन हात फिरवा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडानं पुसून घ्या. पुढच्या वेळी पहिला काप रद्दी कागदावर, नाहीतर तेलाचा डाग नेमका पांढऱ्या कार्डावर उतरतो.

आणि डाय खरंच गेली असेल तर

सुकवलेला कागद, न खाचलेली प्लेट, मेकरेडीचा ताव, तिरकी मांडणी, एवढं करूनही डाय कुठल्याही दिशेनं ठेवली तरी तिच्याच एका ठरावीक बिंदूवर काप सुटत नसेल, तर भिंगाखाली तो बिंदू बघा. पातं तिथं चेपलेलं असतं. बहुतेकदा टाचणीनं टोकरताना किंवा दोन डाय एकमेकींवर घासल्यानं. नंतर काचेवर डाय ठेवून एकेक कोपरा बोटानं दाबा. डुगडुगली तर पत्रा वाकला आहे. वाक असेल तर जाळीकामातून तिला निवृत्त करून साध्या, मोठ्या कागदावर वापरा. आणि चेपलेला बिंदू एकच असेल, तर नवी डाय मागवण्याऐवजी प्रत्येक कार्डावर ती दोन मिलिमीटरची जागा कटरच्या टोकानं सोडवून घ्या.